कोकणात हाताने बांधलेल्या जर्नलचा छोटा स्टुडिओ कसा चालवायचा आणि दुकानं कशी शोधायची

सात-आठशे रुपयाचं जर्नल कोणीही हातात घेतल्याशिवाय विकत घेत नाही. फोटो कितीही भारी काढा, माणूस आधी पान बोटात धरून बघतो, मग मधोमध उघडून टेबलावर ठेवतो, ते सपाट राहतं की आपोआप मिटतं ते बघतो, आणि तिथेच सगळं ठरतं. म्हणून स्टुडिओ काढायचा विचार असेल तर आधी दोन कामं नीट शिकून घ्या. एक, कोकणच्या हवेत टिकेल आणि पूर्ण उघडेल असं जर्नल बांधणं, आणि दुसरं, गिऱ्हाइकाला ते उघडून बघू देतात अशी दुकानं शोधणं. लोगो, नाव, इन्स्टाचं पेज हे सगळं नंतर होतं.

मी कुडाळ-सावंतवाडीच्या पट्ट्यातल्या हिशोबाने लिहितेय पण रत्नागिरी, गुहागर, दापोलीकडच्यांना पण बहुतेक सगळं लागू पडेल, पाऊस आणि खारी हवा सगळीकडे तीच.

आधी खोली

लोक आधी कागद आणतात आणि मग तो ठेवायचा कुठे म्हणून घरभर फिरतात, तसं नको. कागदाला हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास असलेली आवडते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती ८५-९० च्या घरात सहज जाते, म्हणजे कागद सादळणार, फुगणार, कडा लाटांसारख्या होणार आणि पुठ्ठ्यावर बुरशी धरणार हे गृहीतच धरायचं. एक साधा डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र, घ्या, स्वस्त मिळतो, आणि तो कागदाच्या कपाटात ठेवा, भिंतीवर लावून उपयोग नाही. घरातली सगळ्यात कोरडी खोली म्हणजे बहुतेक वेळा स्वयंपाकघराला लागून असलेली, चुलीची किंवा गॅसची ऊब लागणारी. पश्चिमेच्या भिंतीला पावसाचा मारा लागतो तिथे कागद टेकवायचा नाही. गठ्ठे लादीवर नको, फळीवर ठेवा, जमिनीपासून निदान वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटं पुढे, मागून हवा फिरली पाहिजे.

पावसात पंखा लावून खिडकी उघडी ठेवली की खोली सुकते असं वाटतं पण बाहेरची हवाच ओली असते, ती आपण आत घेतो. उलट करा, खोली बंद ठेवा आणि परवडत असेल तर लहान डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढणारं यंत्र, घ्या. नसेल परवडत तर घट्ट झाकणाचे मोठे प्लास्टिकचे डबे घ्या, त्यात कागद आणि सिलिका जेलची पाकिटं. निळ्या दाण्यांची गुलाबी झाली की ती ओलीने भरली समजायचं, हलक्या आचेवर गरम केली की परत निळी होतात. फक्त ती ज्या भांड्यात गरम कराल ते परत स्वयंपाकाला वापरायचं नाही. कागद डब्यात भरायचा तो मे महिन्यात, कोरडा असताना. एकदा सादळलेला कागद डब्यात बंद केला तर ओल पण आतच बंद होते.

कसरीसाठी डांबरगोळ्या नको, तो वास कागदातून जात नाही आणि गिऱ्हाईक पहिलं नाकाला लावतं. वेखंडाचे तुकडे सुती कापडात बांधून ठेवा, जुन्या पोथ्यांच्या रुमालात ठेवायचे तसे. आणि वाळवीची लाइन भिंतीवर दिसते का ते पावसाच्या आधी एकदा सगळं बाजूला करून बघाच.

कागद घेताना

आतल्या पानांसाठी १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मॅपलिथो, म्हणजे लिहायचा-छपाईचा साधा बिनचकाकीचा कागद, नॅचरल म्हणजे किंचित पिवळसर शेडचा, ही सुरुवातीला सगळ्यात सुरक्षित निवड. ७० चा घेतला तर मागचं दिसतं, १२० च्या वर गेलात की जर्नल जाड आणि जड होतं आणि पोस्टाचा खर्च वाढतो. चित्रं काढणाऱ्यांसाठी वेगळं जर्नल करायचं असेल तर १५०-२०० घ्या आणि पानं कमी करा. डीलरकडे गेलात की दोन-तीन नमुन्यांचे ताव मागून घ्या आणि घरी त्यावर फाउंटन पेन, जेल पेन आणि मार्कर तिन्ही चालवून बघा, शाई फुटते का, मागे उतरते का. ही टेस्ट एकदा मे मध्ये आणि एकदा जुलैमध्ये करा, कारण दमट हवेत तोच कागद शाई जास्त पितो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ग्रेन. गिरणीत कागद बनताना तंतू एका दिशेने पडतात आणि ओल लागली की कागद त्या दिशेला आडवा फुगतो. घडी ग्रेनच्या दिशेत असेल तर पान मऊ वळतं आणि सपाट उघडतं, आणि आडवी असेल तर घडीवर कागद तडकतो, पानं ताठ उभी राहतात आणि पावसात कणा, म्हणजे जर्नलची शिवलेली पाठ, वाकडा होतो. म्हणजे ग्रेन नेहमी कण्याला समांतर पाहिजे. ओळखायचं सोपं आहे, ताव दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने कमी विरोध होतो ती ग्रेनची दिशा. बाजारात मिळणारा ए-फोर बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने ग्रेन असलेला असतो, म्हणजे तो मधून दुमडून ए-फाइव्ह केलं की ग्रेन नेमकी आडवी येते. घरी प्रॅक्टिससाठी ठीक, विकायला नको.

त्यापेक्षा २३ बाय ३६ इंची मोठे ताव घ्या आणि डीलरला स्पष्ट सांगा की ग्रेन ३६ च्या बाजूने पाहिजे. हा ताव ९ बाय साडेअकराच्या आठ तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकडा मधून दुमडायचा, की पावणेसहा बाय ९ ची दोन पानं मिळतात, ग्रेन बरोबर कण्याच्या दिशेने. एका तावातून १६ पानं. ८० पानांचं, म्हणजे मोजायला १६० पृष्ठांचं जर्नल करायला पाच ताव लागतात, तासून शेवटी साडेपाच बाय साडेआठ म्हणजे आपली नेहमीची डेमी साइझ होते. ५०० तावांची एक रीम म्हणजे शंभर जर्नल, हा हिशोब डोक्यात पक्का ठेवा, ऑर्डर घेताना फार उपयोगी पडतो. १०० जीएसएममध्ये ह्या रीमचं वजन पावणेसत्तावीस किलोच्या आसपास भरतं आणि कागद किलोवर विकला जातो, त्यामुळे डीलरने सांगितलेला भाव लगेच एका जर्नलवर आणून बघता येतो.

घ्यायचा कुठून, तर सिंधुदुर्गातल्यांना कोल्हापूर जवळ, घाट चढून एका दिवसात जाऊन येता येतं, किंवा तिथल्या ट्रान्सपोर्टने मागवता येतं. पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या आजूबाजूला, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला फिरलात तर पुठ्ठा, कापड, रिबन, चिकटवायचं सामान सगळं एका फेरीत होतं. हातकागद पाहिजे तर पुण्यातली हॅन्डमेड पेपर इन्स्टिट्यूट बघाच, १९४० सालापासूनची संस्था, चिंध्यांपासून कागद तिथे बनतो. वेरूळ-खुलताबादकडचं कागझीपुरा, जयपूरजवळचं सांगानेर, पाँडिचेरीचा आश्रम ही पण जुनी नावं. पण माझं स्पष्ट मत, हातकागद कव्हरला आणि अस्तराला वापरा, आतली लिहायची पानं गिरणीच्या कागदाची ठेवा. हातकागद दिसतो सुंदर, पण प्रत्येक लॉट वेगळा येतो, काहींवर पेन अडखळतं, आणि पावसात तो ओल फार ओढतो. रोज लिहिणाऱ्या माणसाला सौंदर्यापेक्षा पेन सरळ चाललेलं जास्त हवं असतं.

बांधणी

कोकणात कमी गोंदाची बांधणी जिंकते. पिठाच्या खळीवर बुरशी आणि कसर दोन्ही तुटून पडतात. जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायचे ते त्यासाठीच, पण मोरचूद विषारी, घरात लहान मुलं असतील तर त्या वाटेला जाऊच नका. म्हणून सुरुवात कॉप्टिक शिवणीने करा, ती इजिप्तच्या कॉप्टिक ख्रिश्चनांकडून आलेली फार जुनी पद्धत, कण्याला गोंद लागतच नाही आणि जर्नल पूर्ण १८० अंशात उघडतं. दुसरी लाँग स्टिच, मऊ कव्हरला थेट शिवायची, तिलाही गोंद नको. जपानी पद्धतीची कडेची शिवण दिसायला छान पण ती सपाट उघडत नाही, लिहायच्या वहीला मी ती कधीच सुचवणार नाही.

सामान फार लागत नाही. दाभण, बोथट टोकाच्या दोन-तीन सुया, स्टीलची पट्टी, चांगला कटर, मधमाशीचं मेण, जाड लिनन किंवा सुती दोरा, आणि घडी घालायला गुळगुळीत लाकडी पट्टी. ही पट्टी मात्र बाहेरून मागवू नका, सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी करणाऱ्यांकडून हवी तशी करून मिळते आणि आयुष्यभर पुरते. दाबायला दोन प्लायवूडच्या फळ्या आणि चार लांब बोल्ट, झाला प्रेस.

फर्मा म्हणजे एकात एक घातलेल्या दुमडलेल्या तुकड्यांचा जुडगा. एका फर्म्यात चार तुकडे, म्हणजे आठ पानं, असे दहा फर्मे. दुमडून, एकात एक घालून रात्रभर दाबून ठेवायचे. मग तालुक्याच्या गावातल्या एखाद्या छापखान्यात जाऊन तिन्ही बाजू कटिंग मशीनवर तासून घ्या, वर, खाली आणि पुढची. हाताने कटरने तासायचा हट्ट नको, दहा जर्नलनंतर मनगट जातं आणि कडा कधीच एकसारख्या येत नाहीत. छापखानेवाल्या काकांशी नीट बोलून ठेवा, लग्नसराईत आणि निवडणुकीत ते बिझी असतात, एरवी दुपारी आनंदाने कापून देतात.

भोकं पाडायला पुठ्ठ्याचा एक साचा करा, साडेआठ इंची कण्यावर पाच भोकं, वरचं आणि खालचं टोकापासून अर्धा इंच आत आणि उरलेली तीन सारख्या अंतरावर. फर्मा उघडून व्हीच्या आकारात धरायचा आणि दाभण आतून बाहेर घालायचं, कणा जिथे दुमडलाय नेमक्या त्या रेषेवर. एक मिमी इकडे-तिकडे गेलं तरी शिवल्यावर फर्मा वर-खाली दिसतो. दोरा किती, तर कण्याची लांबी गुणिले फर्मे, त्यात दोन्ही पुठ्ठ्यांचे दोन मिळवायचे, साडेआठ गुणिले बारा म्हणजे साधारण अडीच-पावणेतीन मीटर. एवढा एकदम घेतला तर गुंततो आणि पुन्हा पुन्हा भोकातून जाऊन झिजतो, अर्धा घ्या आणि पुढचा फर्म्याच्या आतल्या बाजूला गाठ मारून जोडा. मेणावरून दोनदा ओढून घ्यायचा, ओघळ नाही राहिला पाहिजे. आणि दोरा ओढताना नेहमी कण्याच्या दिशेत ओढा, वरच्या बाजूला ओढलात की कागद भोकाशी फाटतो, नवीन शिकणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. ताण सगळीकडे एकसारखा ठेवा, घट्ट करायच्या नादात कणा आवळला की जर्नल उघडत नाही.

कव्हरला दोन मिमीचा कप्पा बोर्ड, म्हणजे बाइंडिंगचा कडक पुठ्ठा, प्रत्येक बाजूला दोन-तीन मिमी जास्त. त्यावर कापड लावताना पातळ एकसारखा फेविकॉल, ब्रशने नाही तर छोट्या रोलरने, पाणी कमीत कमी. बोर्ड नेहमी ज्या बाजूला ओला कागद लागतो त्या बाजूला वाकतो, त्यामुळे बाहेर कापड लावलं की आतून पण तेवढ्याच ताकदीचा कागद लावायचा, ग्रेन उभीच. उन्हाळ्यात रात्रभर वजनाखाली सुकतं, पावसात दोन-तीन दिवस लागतात आणि मध्ये ओल ओढायला घातलेले कोरे कागद दिवसातून दोनदा बदलावे लागतात. मी तर म्हणते गोंदाचं सगळं काम ऑक्टोबर ते मे मध्ये उरकून कव्हरं तयार करून डब्यात ठेवा, आणि पावसाळ्यात फक्त दुमडायचं आणि शिवायचं काम करा. पावसाची दुपार आणि शिवणकाम हे एकमेकांसाठीच आहे.

धातू टाळा. स्टेपल, लोखंडी रिंगा, स्वस्त आयलेट, समुद्राजवळ वर्षभरात गंजतात आणि पानावर तपकिरी डाग उतरतो. बंद करायला इलॅस्टिक पण दोन पावसाळ्यांत सैल होतं, त्यापेक्षा सुती नाडी आणि लाकडाचं किंवा करवंटीचं बटण बरं.

कव्हरवरची चित्रं

कोकणातलं जर्नल म्हटल्यावर नारळाचं झाड आणि होडी काढायचा मोह होतो, तो आवरा, ते प्रत्येक फ्रिज मॅग्नेटवर आहे. आपल्याकडे त्याहून कितीतरी आहे. कातळशिल्पं बघा, उक्षी, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे, कुडोपी, सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर कोरलेले हत्ती, मासे, भौमितिक चौकोन, २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आणि तेव्हापासून बाहेरचे लोक पण विचारतात. एका रंगात कापडावर स्क्रीन प्रिंट केली की फार देखणी दिसतात. आत एक ओळ टाका की हे कुठल्या गावच्या सड्यावरचं, लोक ते वाचतात.

पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला) आणि सावंतवाडीचा गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) ह्या मात्र जिवंत कलाकारांच्या हातातल्या गोष्टी. नेटवरून चित्र उचलून छापायचं नाही, कितीही छोटा धंदा असला तरी. पिंगुळीत ठाकर समाजाच्या कलाकारांनी ही परंपरा धरून ठेवली, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली ती ह्याच कामासाठी. तिकडे जा, कळसूत्री बाहुल्या आणि जुनी चित्रं बघा, कलाकाराशी बोला, दहा कव्हरांसाठी मूळ चित्र करून घ्या, ठरलेले पैसे आधी द्या आणि जर्नलवर त्यांचं नाव छापा. गंजिफाचं पण तसंच, दशावतारी गंजिफाचा पूर्ण संच १२० पानांचा, प्रत्येक अवताराची बारा, सगळी हाताने रंगवलेली. सावंतवाडीच्या राजवाड्यात राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला परत उभी केली. मशीनवर छापलेल्या कव्हराला सावंतवाडी गंजिफा म्हणून विकलंत तर तिथे बसून एकेक पान रंगवणाऱ्याचं पोट तुम्ही मारताय.

किंमत आणि कागदपत्रं

हिशोब असा मांडा, आकडे तुमच्या भागातले घाला. समजा कागद किलोला १०० रुपये, तर एका जर्नलला २७. बोर्ड २०, कापड २५, दोरा ८, गोंद ५, तासणावळ ५, पॅकिंग १५. झाले १०५. वेळ दोन तास, तासाला १२० धरले तरी २४०. एकूण ३४५, त्यावर वाया जाणारा माल आणि लाइट बिल म्हणून बारा टक्के, म्हणजे ३९० च्या आसपास. आता दुकान ४० टक्के घेणार असेल तर ८०० ला विकलेल्या जर्नलचे तुमच्या हातात ४८० येतात, हातात राहिले ९०. किंमत ६०० ठेवली तर ३६० येतात, म्हणजे तुमची मजुरीच कापली जाते. स्वतःचा वेळ हिशोबात न धरता किंमत लावणारे खूप जण आहेत, आणि घरातल्या बायका तर हमखास, कृपया करू नका. आणि दुकानात ८०० ला असलेलं जर्नल घरून ६०० ला द्यायचं नाही, कधीच नाही, दुकानदाराला कळलं की तो परत तुमचा माल ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आहे आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटीसाठी मालाच्या विक्रीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ४० लाख, पण राज्याबाहेर, म्हणजे अगदी पणजीला माल द्यायचा असला तरी नियम वेगळे होतात. वह्या-डायऱ्या ४८२० ह्या एचएसएन कोडमध्ये, म्हणजे करासाठी मालाच्या वर्गवारीच्या आकड्यात, येतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्यांवरचा कर शून्य झाला पण डायरी, रजिस्टर त्यात नाही, म्हणून तुमचं जर्नल कशात बसतं ते प्रत्यक्ष नमुना दाखवून सीएला विचारा, नुसतं फोनवर वर्णन करून नको.

दुकानं कशी शोधायची

इंटरनेटवर शोधलं की जाहिरातवाली दुकानं वर येतात, चांगली छोटी दुकानं बहुतेक तिथे सापडत नाहीत. माझी पद्धत उलटी आहे, दुकान न शोधता बनवणारा शोधायचा. तुम्हाला आवडलेला सिरॅमिकचा कप, ब्लॉक प्रिंटचा रुमाल, कोणाचं पोस्टर, त्याच्या बनवणाऱ्याला विचारा की तुझा माल कुठे ठेवतोस आणि पैसे वेळेवर येतात का. दोन-तीन बनवणाऱ्यांच्या तोंडी एकच दुकान आलं की ते बघायला जायचं. पैशाबद्दलचं खरं उत्तर फक्त ह्याच लोकांकडून मिळतं.

घराजवळून सुरू करा. सावंतवाडीचा राजवाडा आणि चितारआळी बघणारा माणूस हाताच्या कामाला पैसे द्यायला तयार असतो, त्याच रस्त्यावरच्या दुकानात तुमचं जर्नल शोभतं. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, देवगड तालुक्यात पोंभुर्ले हे दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांचं गाव, अशा ठिकाणी लिहिणारी-वाचणारी माणसं येतात. वेळासला कासव महोत्सवाला येणाऱ्यांसाठी खिशात मावणारी छोटी नोंदवही करा, तिथल्या होमस्टेवाल्या काकींकडे पाच-सहा ठेवा. तारकर्ली, देवबाग, दिवेआगरचे चांगले होमस्टे पण दुकानासारखेच आहेत, पाहुण्याच्या खोलीत एक जर्नल आणि पेन ठेवायला सांगा, तो रात्री काहीतरी लिहितो आणि जाताना विचारतो.

बांद्याहून पत्रादेवी ओलांडलं की गोवा, आणि आपल्याला हा फार मोठा फायदा आहे, मुंबईकर डिझायनर विमानाने येतात तिथे आपण सकाळी निघून संध्याकाळी घरी. पणजीत फोंतेन्हासच्या गल्ल्या पायी फिरून बघा, मग पणजीबाहेरचं आसगाव आणि पिळर्णचं म्युझियम ऑफ गोवा. डिसेंबरमध्ये पणजीत सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल असतो, २०१६ पासून, तेव्हा दुकानदार, डिझायनर, गॅलरीवाले सगळे एका शहरात असतात, पण माल विकायला जाऊ नका, ओळखी करायला जा. मुंबईत फोर्ट आणि काळा घोडा एका दिवसात होतो, किताबखाना हे पुस्तकांचं दुकान, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं दुकान, हातकागदाचं बॉम्बे पेपरी. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय वेगळ्या दिवशी. काळा घोडा फेस्टिव्हल १९९९ पासून, बहुतेक फेब्रुवारीच्या आसपास, तिथले स्टॉल बघितले की बाजारात काय जास्त झालंय ते कळतं. बचत गटातून काम करत असाल तर महालक्ष्मी सरस आणि पुण्याची भीमथडी जत्रा ही विक्री-प्रदर्शनं म्हणजे वेगळीच वाट आहे, तिथे किंमत थोडी कमी लागते पण माल भराभर जातो. कुठेही जायच्या आधी फोन करून दुकान चालू आहे, हलवलं नाही ना, एवढं विचारून घ्या, छोटी दुकानं जागा बदलतात.

दुकानात शिरल्यावर लगेच बॅग उघडू नका. अर्धा तास गिऱ्हाईक म्हणून फिरा. वह्या प्लास्टिकमध्ये सील केलेल्या आहेत की एक नमुना उघडा ठेवलाय, धूळ आहे का, शोकेसमध्ये ऊन येतं का (कापडाचा रंग एका सीझनमध्ये उडतो), वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव आहे का, आणि काउंटरवरच्या मुलीला ती वस्तू कुठून आली ते माहीत आहे का. शेवटची गोष्ट मी सगळ्यात वर धरते, कारण विकणार तीच आहे. लहानशी का होईना एक वस्तू विकत घ्या आणि मालकाची वेळ मागा, शनिवार-रविवार सोडून. त्या भेटीला तीन जर्नल न्यायची, त्यातलं एक खुशाल हाताळायला, पानं लिहून बघायला. सोबत एका पानावर साइझ, पानं, जीएसएम, वजन, किंमत, दुकानाचा भाव, कमीत कमी किती घ्यायची आणि किती दिवसांत मिळतील, एवढंच. प्रत्येक दुकानाला सगळे रंग देऊ नका, एक रंग किंवा एक कव्हर फक्त त्यांच्यासाठी ठेवा, दुकानदाराला ते फार आवडतं.

दोन पद्धती असतात. विकत घेऊन ठेवणारं दुकान मिळालं तर भाव थोडा कमी मिळाला तरी आनंदाने द्या. विकल्यावर पैसे, ही पद्धत फक्त जिथे तुम्ही स्वतः दोन महिन्यांतून एकदा जाऊ शकता तिथेच घ्या. काय लिहून घ्यायचं, तर दुकानाचा टक्का, दर महिन्याच्या कितव्या तारखेला हिशोब, खराब झालेला किंवा हरवलेला नग कोणाच्या खात्यात, आणि उरलेला माल परत कधी. व्हॉट्सॲपवर मेसेज करून त्यांचा होकार घेतला तरी चालतं पण लिहून पाहिजेच. सुरुवातीला सहा ते दहा नग, जास्त नको. हिशोब दोनदा उशिरा आला की गोड बोलून माल उचला, ओळखीच्या भिडेत न अडकता.

सीझन सांभाळा. गोव्याची दुकानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माल ठरवतात, मुंबई-पुण्याची दिवाळीची खरेदी जून-जुलैतच बोलावी लागते, आणि आपल्याकडे गणपतीत आलेला चाकरमानी आणि मे महिन्यातला पाहुणा हे दोन मोठे. तारखा छापलेली डायरी करू नका, जानेवारी संपला की ती कोणी घेत नाही, बिनतारखेचं जर्नल वर्षभर चालतं.

पाठवताना जर्नल बटर पेपरमध्ये, मग पुठ्ठ्याच्या खोक्यात, आणि पावसात बाहेरून प्लास्टिक, आत एक सिलिकाची पुडी. ८० पानांचं जर्नल बोर्डासकट साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतं, खोकं हलकं निवडलंत तर ५०० ग्रॅमच्या आत बसतं आणि स्पीड पोस्टचा पुढचा दर लागत नाही. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय, त्यामुळे जुन्या दरपत्रकावर हिशोब करू नका.

आणि मे च्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यालगतच्या सगळ्या दुकानांची आणि होमस्टेची एक फेरी मारा. जिथे एसी नाही तिथला उरलेला माल घेऊन या, हाताळलेले नमुने बदला, हिशोब मिटवा, आणि गणपतीला नवीन लॉट घेऊन येते म्हणून सांगून या.